कॉम्प्युटर लई हँग व्हायलाय: फॉरमॅट मारायचा, एसएसडी टाकायची की नवाच घ्यायचा?

मानवतहून अक्काचा मे महिन्यात फोन आला की आंब्यांच्या आधी कॉम्प्युटरची तक्रार असते. २०२४ च्या मेमध्येही तेच. "लई हँग व्हायलाय रे. तीनदा फॉरमॅट मारला तरी तेच." मागून दाजींचा आवाज: "त्याला सांग, आता नवाच घेऊ." मशीन २०१४ साली असेंबल केलेलं. चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. असा डबा मराठवाड्यात गल्लोगल्ली सापडेल, कदाचित तुमच्या घरातही असेल.

माझा कौल आधीच सांगतो. मशीन अजून हार्ड डिस्कवर चालत असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) करा. रॅम नंतर, नवं मशीन त्याहून नंतर, आणि नुसत्या फॉरमॅटला (डिस्क पुसून विंडोज परत टाकण्याला) पैसे देऊच नका. फक्त त्याआधी एक गोष्ट नक्की करा: तुमचा कॉम्प्युटर हळू चालतोय की अडकतोय? बोलताना आपण दोन्हीला 'हँग'च म्हणतो, पण आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी.

हळू म्हणजे सुरू व्हायला चार मिनिटं, क्रोम उघडायला एक मिनिट, पण शेवटी काम होतं. अडकणं म्हणजे चित्र जागच्या जागी थिजतं, गाणं चालू असेल तर एकच सूर घर्रर्र करत राहतो, आणि बटण दाबून बंद केल्याशिवाय सुटका नाही. ओळखायची सोपी युक्ती आहे. अडकल्यावर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे, बहुधा डिस्कची वाट बघत बसलंय. दिवा हलतच नसेल तर उष्णता, रॅम, वीजपुरवठा किंवा एखादा बिघडलेला ड्रायव्हर (मशीनचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्याकडे संशय जातो. अशा मशीनमध्ये नवी एसएसडी टाकली तर ते नव्या एसएसडीवर अडकेल, एवढाच फरक.

अडकत असेल तर

अक्काच्या घरी भाव वाढायची वाट बघत समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो. कॉम्प्युटरचं टेबल त्याला लागूनच. कॅबिनेटचा पत्रा काढला तर प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या हीटसिंकच्या फटी कापसाच्या तंतूंनी आणि काळ्या मातीच्या धुळीनं अशा भरलेल्या, की जणू कुणी वात वळून ठेवलीय. बाहेर पारा ४२ च्या वर, आत हवा जायला वाट नाही. प्रोसेसर ९०–१०० अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर बंद पडतो. तीन फॉरमॅटनी याला काय होणार होतं? विंडोजचा यात काडीचाही दोष नव्हता.

साफसफाईचा खर्च जवळजवळ नाहीच. प्लग काढा, ब्रश आणि ब्लोअर वापरा, हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट पाच-सात वर्षांत वाळून खडू होते, ती पुसून नवी लावा. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरनं हलकेच घासा आणि परत घट्ट बसवा. दुकानातले कारागीरही हेच करतात. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. लॅपटॉप उघडायचा मात्र सवय नसेल तर दुकानातच. त्याच्या रिबन केबल नाजूक असतात.

आपल्याकडच्या विजेचाही यात मोठा हात आहे. कूलरची मोटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असतील तर मोटर सुरू होताना दाब क्षणभर पडतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. लोक त्यालाही हँगच म्हणतात. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाताना होणारी अदलाबदल पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटरला कळते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मोटारीच्या अर्थिंगला पाणी घालतो तसं घराच्याही घालावं. आणि तारीख-वेळ रोज मागं जात असेल, वेबसाइट सुरक्षेच्या सूचना देत असतील, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा बटणासारखा सेल किरकोळ पैशांत मिळतो. यासाठीही फॉरमॅट मारणारे महाभाग मी पाहिलेत.

शेवटी डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचा स्वतःचा अहवाल दाखवतं. निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल शेरा आला, किंवा डिस्क कट-कट वाजायला लागली, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

हळू असेल तर: फॉरमॅट, रॅम आणि एसएसडी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन रडत असतानाच बघायचं, निवांत असताना नाही. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि मेमरी ६०–७० वर, तर दोष डिस्कचा. मेमरी ९० च्या आसपास, तर रॅम कमी पडतेय. सीपीयू सतत १०० असेल तर यादीत सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. कधी अँटिव्हायरस असतो, कधी फुकट विंडोज 'ॲक्टिव्हेट' करणाऱ्या कुलूपतोड्या सॉफ्टवेअरसोबत आत शिरलेलं काहीतरी.

फॉरमॅटची बाजू आधी मांडतो, कारण सल्ला तोच पहिला मिळतो. मशीनमध्ये व्हायरस असेल, विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील, तर फॉरमॅटनं खरंच फरक पडतो. पण हार्ड डिस्क तीच राहिली तर दोन-तीन महिन्यांत अपडेट येतात, प्रोग्रॅम साठतात आणि गाडी पुन्हा तिथंच. आणि जाताना काय काय जातं? डेस्कटॉपवर टाकलेले सातबाऱ्याचे स्कॅन, क्रोमचे पासवर्ड, टॅलीतला हिशेबाचा डेटा, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन. दुसऱ्या फॉरमॅटच्या वेळी अक्काच्या फोल्डरची कॉपी घ्यायची राहून गेली आणि भाच्याच्या जावळाचे फोटो गेले. दुकानदार म्हणाला, तुम्ही सांगितलं नव्हतं. करायचाच असेल तर तो घरीही होतो: सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी' आहे. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये लायसनची चावी मशीनच्या आतच साठवलेली असते, त्यामुळे त्याच आवृत्तीचं विंडोज परत टाकताना चोरीची सीडी लागत नाही.

आता रॅम. ४ जीबीतली निम्मी-अर्धी विंडोज १० स्वतःच खाऊन बसतं. उरलेल्यात क्रोमचे आठ-दहा टॅब आले की जागा संपते, मग विंडोज रॅममधला माल तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. डिस्क हळू असेल तर ही ने-आण जीवघेणी होते. म्हणजे रॅम कमी असण्याचा त्रासही शेवटी डिस्कच्याच दारात येतो. ८ जीबी केली तर आराम नक्की पडतो, पण मशीन सुरू होण्याचा वेळ फारसा घटत नाही. दोन खाचखळगे आहेत. रॅमच्या पिढ्या असतात: डीडीआर३ च्या खाचेत पुढची डीडीआर४ बसत नाही आणि बऱ्याच लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा. दुसरं, 'सिस्टम टाइप'मध्ये ३२-बिट लिहिलंय का ते बघा. आपल्याकडच्या घरगुती वापरातल्या ३२-बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. माझ्या एका मित्रानं ८ जीबी टाकली आणि वर्षभर निम्मी पट्टी नुसती शोभेला.

आणि एसएसडी. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. लॅपटॉपमधल्या बऱ्याच ५,४०० वाल्या, त्याहून संथ. हवा तो तुकडा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं आणि डोकं सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभरेकच वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून मागवतं. तलाठ्याच्या दप्तरातून एकेक फेरफार स्वतंत्र काढायला लावल्यासारखं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. सलग मोठी फाइल वाचताना फरक चौपट-पाचपट दिसतो (हार्ड डिस्क सेकंदाला १००–१५० एमबी, साटा या नेहमीच्या जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास), पण रोजच्या वापरात जाणवतो तो हा विखुरलेल्या तुकड्यांचा फरक.

अक्काच्या मशीनचं बिल असं झालं: २४० जीबी साटा एसएसडी १,९००, वापरलेली ४ जीबी डीडीआर३ पट्टी ६००, पेस्ट १५०. चार मिनिटांचा स्टार्ट अर्ध्या मिनिटात आला. त्यानंतर रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढलेत, तेव्हा हे आकडे घेऊन दुकानदाराशी भांडू नका. पण नव्या मशीनशी तुलना केली तर खर्च अजूनही फार कमी. जुन्या मदरबोर्डचा साटा पोर्ट अर्ध्या वेगाचा असला तरी फायदा होतोच. लॅपटॉपमध्ये एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली तर ती साटाची की एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची हे आधी विचारा. दिसायला सारख्या, चालायला वेगळ्या. आणि ऑनलाइन दिसणाऱ्या शे-पाचशेतल्या 'टीबी'च्या एसएसडी डोळे झाकून बनावट समजा.

एसएसडीची उणी बाजूही आहे: हार्ड डिस्क बहुधा वाजून, कुरकुरून मरते, एसएसडी एखाद्या सकाळी न सांगता जाते. म्हणून विंडोज एसएसडीवर ठेवा, फोटो आणि कागदपत्रं जुन्या डिस्कवर, आणि त्यांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन. डेस्कटॉपमध्ये दोन्ही बसतात. लॅपटॉपची जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालता येते.

विंडोज १०, ११ की लिनक्स?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणं सोपं: आय५-७२०० मधला ७ म्हणजे सातवी, आय३-८१०० मधला ८ म्हणजे आठवी. दुकानदार अट चुकवून ११ टाकून देतात. चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओ या फार जुन्या प्रोसेसरवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत. यालाच आमच्याकडे म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी.

जुन्या मशीनला माझं मत लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला. फुकट आहे, ४ जीबीत हसत चालतं, आणि पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. लातूरला राहून नीटची तयारी करणाऱ्या पोरीला लेक्चर बघायला, पीडीएफ वाचायला, युनिकोडमध्ये मराठी टाइप करायला पुरून उरतं. पण घरातून आपले सरकार सेवा केंद्राची कामं करत असाल, अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, टॅली असेल, किंवा श्री-लिपीत केलेल्या पत्रिकांचा गठ्ठा असेल, तर लिनक्सच्या नादी लागू नका. अक्काचं विंडोज मी याच कारणानं ठेवलं. दाजी गावकीच्या पत्रिका अजून श्री-लिपीतच करतात.

मशीनच बदलायचं ठरलं तर

मदरबोर्ड गेलाय, मशीन कोअर टू ड्युओच्या काळातलं आहे, किंवा कामासाठी ११ लागतंच, अशा वेळी त्यात पैसे घालू नका. नवं घेताना ४ जीबी रॅम आणि सेलेरॉन हा कमकुवत प्रोसेसर असलेला स्वस्त लॅपटॉप टाळा. त्यात रॅम अनेकदा बोर्डालाच चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. त्यापेक्षा कंपन्यांच्या वापरातून निघालेला डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक किंवा लेनोवोचा थिंकपॅड, आठव्या पिढीच्या पुढचा, मला जास्त पटतो. घेताना बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा आतला प्रोग्रॅम) पासवर्ड नाही ना ते बघा, चार्जर काढून तिथंच अर्धा तास चालवा, बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. मुलाचं इंजिनिअरिंग सुरू होणार असेल आणि ऐपत असेल तर नवाच घ्या: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी.

आणि दुरुस्ती करा की नवीन घ्या, जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. "आता ही काही कामाची नाही" म्हणत दुकानदार ती बाजूला ठेवतो. तिच्यात तुमचं आधार, पासबुक, जमिनीचे कागद सगळं असतं आणि फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरूनही पुष्कळदा ते परत काढता येतं. अक्काचीही आधी दुकानातच राहिली होती. संध्याकाळी दाजींना परत पाठवलं, तेव्हा ती काउंटरखालच्या खोक्यात, दुसऱ्या दहा-बारा डिस्कांसोबत पडलेली सापडली. कुठली आपली हे नंबरावरून ओळखावं लागलं.