लघवीतला संसर्ग: घरची स्ट्रिप की लॅबचं कल्चर?

वर्षभरात तीनदा हे दुखणं काढलं, त्यामुळे घरी लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी (स्ट्रिप) आणि लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघायचं कल्चर, अशा दोन्ही तपासण्या करून झाल्या आहेत. आता कुठली करावी या विचारात कुणी असेल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

स्ट्रिपची सोय मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता जळजळीने उठून बसल्यावर लॅब थोडीच उघडी असते? पट्टी बुडवली, कडेला टेकवून जादाची लघवी निथळू दिली, की नायट्राइटचा (जंतूंमुळे लघवीत तयार होणारा पदार्थ) चौकोन मिनिटाभरात आणि पांढऱ्या पेशींचा साधारण दोन मिनिटांत वाचता येतो. त्रास आहे आणि दोन्ही चौकोनांचा रंग बदललाय, तर संसर्गाची शक्यता बरीच असते. तेवढ्यापुरती स्ट्रिप चांगलीच.

माझं मन उडालं ते नायट्राइटच्या चौकोनावरून. तिसऱ्या खेपेला बाथरूमच्या दिव्याखाली पट्टी डबीवरच्या रंगांशेजारी धरून किती वेळ उभी होते. पेशींचा चौकोन किंचित जांभळट, नायट्राइटचा मात्र पांढराच. गुलाबी झाक दिसतेय का म्हणून पट्टी तिरकी करून पाहिली, पुन्हा नवी बुडवली. काहीच नाही. म्हटलं, उन्हाळी लागली असेल, पाणी पिऊन जाईल. त्यात दोन दिवस गेले, जळजळ वाढली आणि लघवीत रक्त दिसलं तेव्हा नमुना कल्चरला दिला. त्यात ई. कोलाय निघाला. म्हणजे ज्याने तो चौकोन गुलाबी व्हायला हवा, नेमका तोच जंतू!

कारण नंतर कळलं. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास तरी राहावी लागते. ज्याला दर अर्ध्या तासाला जावं लागतंय, त्याच्या पोटात ती चार तास राहणार कशी? दुखणं ऐन जोरात असतं तेव्हाच हा चौकोन फसण्याची शक्यता जास्त. शिवाय एंटरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत, आणि 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तरी रंग उमटायला अडथळा येऊ शकतो. सकाळची पहिली लघवी तपासली तर स्ट्रिप बरी चालते, पण या दुखण्यात रात्रभर सलग झोप कुणाला लागते?

कल्चरचाही जाच आहेच. जंतू वाढायला वेळ लागतो, रिपोर्टला एक-दोन दिवस जातात, कधी त्याहून जास्त. नमुना नीट घेतला नाही तर 'मिश्र वाढ' (म्हणजे अनेक प्रकारचे जंतू मिसळलेले) असा शेरा येतो आणि पुन्हा नमुना द्यावा लागतो. माझ्यावर एकदा ती वेळ आली. तेव्हापासून आधी जागा स्वच्छ करून, पहिली धार सोडून मधली धार थेट निर्जंतुक डबीत घेते. दोन तासांत पोहोचवणं जमणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये, नाहीतर बाहेर ठेवल्या ठेवल्या जंतू वाढतात आणि रिपोर्टमधला त्यांचा आकडा फुगतो.

पण हातात येतं ते काय? जंतूचं नाव, मिलिलिटरमागे वसाहती (वाढलेल्या जंतूंचे पुंजके) किती (१ लाख हा जुना मापदंड, पण त्रास असेल तर त्याहून कमी आकडाही डॉक्टर ग्राह्य धरतात), आणि कुठलं औषध चालेल त्याची यादी. माझ्या रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'रेझिस्टंट' होतं, म्हणजे त्या जंतूवर ते चालत नाही. आधीच्या खेपेला अंदाजाने तेच घेतलं होतं. स्ट्रिप हे सांगूच शकत नाही.

पहिल्यांदाच झालंय, लक्षणं स्पष्ट आहेत आणि एरवी तब्येत ठणठणीत आहे, तर डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात, आणि ते ठीकच असावं. पण त्रास पुन्हा पुन्हा होत असेल किंवा औषधाने उतरला नसेल, तर मी कल्चरच सांगेन. गरोदरपणात तर त्रास नसतानाही ते करतात. फक्त नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या, नाहीतर कल्चरमध्ये जंतू वाढतीलच असं नाही. रिपोर्टची वाट बघताना औषध सुरू करायचं का, हे डॉक्टर ठरवतील. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या यांपैकी काही असेल तर पट्टी बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.