नांदेडचं एसजीजीएस की संभाजीनगरचं शासकीय?

भाचीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत बरे मार्क पडले आणि कॉलेज कुठलं यावरून घरात दोन पक्ष झाले: नांदेडचं एसजीजीएस (श्री गुरु गोबिंद सिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज) की संभाजीनगरचं शासकीय. दाजी नांदेडचे, ताई संभाजीनगरची. आमचं सेलू दोन्हींच्या मधे, रेल्वे सरळ. म्हणून प्रवासाचा वाद निकालात.

दोन्ही कॉलेजं स्वतः फिरून आलो. शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, उस्मानपुऱ्यात, स्टेशनला लागूनच म्हणा ना. एसजीजीएस १९८१ चं, विष्णुपुरीला, नांदेड शहराच्या बाहेर. अभ्यासाला शांतता हवी असेल तर मला विष्णुपुरी उजवं वाटलं. तिथं टेक्सटाइलची शाखाही आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापूस लावणारे, पण घरात त्या शाखेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही!

भाचीला मात्र मेकॅनिकलच हवं. मग पारडं फिरलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, सगळ्या एमआयडीसी संभाजीनगरलाच चिकटून. इंटर्नशिपला सकाळी जाऊन संध्याकाळी खोलीवर परत. कॉम्प्युटर घ्यायचं असतं तर मी डोळे झाकून नांदेड म्हटलं असतं, कारण नोकरीला शेवटी पुण्याला नाहीतर हैदराबादलाच जायचं.

एका खासगी काउन्सेलरनं पैसे घेऊन पसंतीक्रम भरून दिला; त्यात पहिलंच नाव आम्ही न सांगितलेल्या कॉलेजचं! लक्षात ठेवा, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. यादी घरी बसून, लेकराला विचारून भरा. आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला (आरक्षणाला लागतो तो) निकालाआधीच काढून ठेवा.