उघडा पीसी की कुलूपबंद पीएस/२?

गणपती पेठेत, सांगलीत, मित्राच्या दुकानात कॉम्प्युटरमध्ये खोचायच्या जुन्या कार्डांचा डबा आहे. आयबीएमच्या १९८१च्या पीसीचं कार्ड इतरांच्या नकलांतही सहसा खट्कन बसतं. प्रोसेसर इंटेलचा, डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) कोड तर मॅन्युअलमध्येच छापलेला! कॉपीराइट तेवढा राखीव. प्रतिस्पर्धी कंपनी कॉम्पॅकच्या एका गटाने बायोस काय करतो ते टिपलं, दुसऱ्याने मूळ कोड न पाहता नवा लिहिला. १९८२ला यंत्र जाहीर.

आयबीएमच्याच १९८७च्या पीएस/२ची वरची मॉडेलं मात्र हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखी, तोंड लिंपलेली. मायक्रोचॅनल, म्हणजे त्यांतली कार्डं जोडायची नवी रचना, सरस होतं, हे कबूल. जंपर (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हलवायची कटकट नाही. पण इतरांना हवं तर लायसन्स घ्या, पैसे मोजा. १९८८ला नऊ प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ईआयएसए ही आपली रचना जाहीर केली, जुनी कार्डं चालणारी. मी पीसीच घेतला असता. त्या डब्यातलं एकही कार्ड मायक्रोचॅनलला लागत नाही.