कंबर धरलीय: तळजाईची टेकडी की घरची सतरंजी?

कंबर धरली की आमच्याकडे पहिला सल्ला, "पडून राहा." साध्या कंबरदुखीत तो उलटाच पडतो, अंग आखडतं, स्नायू ढिले होतात.

मला स्वतःला पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर चालणं आवडतं. सपाट वाटेवर 10 मिनिटांपासून सुरुवात, मग दोन-चार दिवसांनी थोडं वाढवायचं. पर्वतीच्या पायऱ्या मात्र एवढ्यात नकोत. मी हौसेने चढलो आणि उतरताना कळ पार मांडीत गेली. पावसाळ्यात टेकडीवर चिखलही असतो.

सतरंजीवरच्या व्यायामाला हवामान लागत नाही. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, श्वास सोडताना पाठ मांजरासारखी वर, घेताना हळूच खाली. मग उताणं झोपून गुडघे दुमडायचे, टाचा रोवून कंबर उचलायची, 5 आकडे मोजून खाली. 8-10 वेळा पुरे. झोपेतून उठल्याउठल्या मात्र पुढे वाकायचं नाही. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. घरी कंटाळा येतो, हे खरं. टेकडीवर निदान गप्पा तरी होतात.

मी आधी सतरंजीच धरेन, कळ ओसरली की टेकडी. पायाचा बधिरपणा वाढत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दोन्ही सोडून लगेच डॉक्टर गाठायचा.