जॉर्जियात हेक्टरभर बाग: व्याजसवलतीचं कर्ज की लागवडीचं अनुदान?

सोव्हिएत संघ फुटल्यावर जॉर्जियात सामूहिक शेतांची जमीन घरोघरी वाटली गेली. आज बहुतेक कुटुंबांकडे हेक्टरभरही जमीन नाही. अशा घराला बाग लावायची असेल, तर सरकारी पैशाच्या दोन वाटा आहेत. माझं मत आधीच सांगते: झाडांसाठी अनुदान घ्यावं, कर्ज काढणीनंतरच्या कामाला ठेवावं.

2013 पासूनच्या सवलतीच्या कृषीकर्जात बँक पैसे देते आणि व्याजाचा काही भाग सरकार भरतं. मुद्दल मात्र तुमच्याच डोक्यावर. हेझलनट या सुक्या मेव्याचं झाड नीट उत्पन्न द्यायला चार-पाच वर्षं घेतं. तोवर हप्ता कुठून भरायचा? शिवाय बँकेला तारण लागतं आणि खेड्यातल्या घराला फारशी किंमत येत नाही.

2015 ची लागवड योजना सुरू झाली तेव्हा रोपांचा 70 टक्के आणि ठिबकचा 50 टक्के खर्च सरकार उचलत होतं. उरलेली रक्कम स्वतःची लागते, जमिनीची नोंदही पक्की हवी. पूर्वेकडच्या कोरड्या काखेती प्रांतात बदाम लावणाऱ्याला ठिबकचा हिस्सा फार मोलाचा. पश्चिमेकडच्या पावसाळी गुरिया-सामेग्रेलो प्रांतांत तितका नाही. तिथे जुन्या चहामळ्यांच्या आम्लधर्मी जमिनीत ब्लूबेरी छान येते.

पण अनुदान मिळतंय म्हणून सगळ्यांनी एकच पीक लावू नये, हे मी कळकळीने सांगते. 2016-17 मध्ये ढेकणासारख्या ‘मार्मोरेटेड स्टिंक बग’ किडीने पश्चिम जॉर्जियातल्या हेझलनटची दैना केली. ज्यांचं सगळं घर त्याच पिकावर होतं, त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नाही. अर्ध्या जमिनीत दुसरं पीक ठेवा, भले अनुदान कमी मिळो. काखेतीत गारपिटीचा धोका मोठा, म्हणून 2014 पासूनचा अनुदानित पीकविमाही घ्यावा.

कर्ज उपयोगी पडतं ते वाळवणीला. हेझलनट वेळेत वाळवले नाहीत तर बुरशी धरते, म्हणून छोटा शेतकरी ओला माल व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देऊन टाकतो. ड्रायर एकट्याला परवडत नाही. 2013 च्या कायद्यानंतर सहकारी संस्था भराभर निघाल्या, पण अनुदानाच्या आशेने जमलेल्या बऱ्याच टिकल्या नाहीत. आधीपासून एकत्र माल विकणारे चार-पाच शेजारी असतील, तर त्यांच्याबरोबर ड्रायरसाठी कर्ज काढा. नसतील तर पहिली काही वर्षं कर्जाच्या वाटेला जाऊ नका.