बांबूची काठी की कार्बनचा रॉड? जुन्या सामानाच्या मोहात पडण्याआधी

गळ टाकून पाण्यावरच्या फ्लोटकडे, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगत्या खुणेकडे, तासन् तास टक लावून बसायचा नाद ज्याला आहे, त्याला कधी ना कधी जुन्या सामानाची ओढ लागतेच. मधाच्या रंगाची बांबूची काठी, तिच्यावर रेशमी धाग्याचे वेढे, पितळी जोड, साळिंदराच्या काट्याचा फ्लोट, शेजारी वेताची टोपली. फोटोत हे सगळं इतकं देखणं दिसतं की हातातला काळा कार्बनचा रॉड एकदम नळाच्या पाइपासारखा वाटायला लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुना संच अख्खाच्या अख्खा घेऊ नका. फ्लोट लगेच घ्या. वाहत्या पाण्यावर गळ टाकत असाल तर सेंटरपिन, म्हणजे जुन्या पद्धतीचं साध्या चाकाचं रीळही घ्या. काठी सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतली तरी चालेल. बहुतेक हौशी मंडळी नेमकं उलट करतात, कारण फोटोत काठीच सगळ्यात उठून दिसते. पण काठावर बसल्यावर जुन्या पद्धतीतला खरा आनंद फ्लोट आणि रीळ देतात.

काठी

‘स्प्लिट केन’ म्हणतात ती काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढतात, त्या टोकाकडे निमुळत्या होत जातील अशा रंधतात आणि एकमेकींना चिकटवून षटकोनी काठी करतात. बांबूतले दणकट तंतू सालीच्या लगत दाट असतात, आत जाल तसे विरळ. म्हणून चांगला कारागीर पट्टी आतल्या बाजूने रंधतो आणि सालीकडची बाजू शक्यतो जपतो. या कामासाठी नावाजलेला टोंकिन बांबू दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग भागातला. 1950 मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा अमेरिकेतल्या कारागिरांचा बांबूच तुटला, आणि त्याच सुमाराला फायबर ग्लास बाजारात आलं. एवढ्यावर बांबूचा सुवर्णकाळ आटोपला.

आता हातात घेऊन बघू. 13 फुटांचा आजचा कार्बनचा फ्लोट रॉड साधारण 150 ते 200 ग्रॅम भरतो. बांबूची काठी लांबीने दोन फूट कमी असूनही सहज त्याच्या दुप्पट भरते, आणि तिचं वजन टोकाकडे ओढतं. तळाला आमिष ठेवून काठी टेकूवर ठेवणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण वाहत्या पाण्यात फ्लोट सोडणाऱ्याला काठी सतत हातात धरावी लागते. सकाळ सरता सरता मनगट बोलायला लागतं.

लांबीचा मुद्दा वजनापेक्षाही मोठा आहे. काठी जितकी लांब, तितकी जास्त दोरी पाण्यावरून उचलून धरता येते. पाण्यावर पडलेली दोरी प्रवाहात फुगते, फ्लोटला ओढते आणि आमिष भलतीकडेच जातं. हे टाळायला दोन फूट जास्तीची लांबी फार कामाला येते. शिवाय वीस मीटरवरचा फ्लोट बुडाला की हिसका झटपट पोचला पाहिजे. कार्बन वाकून लगेच सरळ होतो. बांबू आपल्या सवडीने होतो.

मग बांबूच्या बाजूने काय? मासा लागल्यानंतरची दहा मिनिटं. बांबू मुठीपर्यंत वाकत जातो, माशाच्या प्रत्येक धडकेला थोडासा नमतो आणि पुन्हा सावरतो. बारीक दोरी, लहान गळ आणि काठालगत उसळणारा मोठा मासा अशा वेळी हा संथपणा दोरी वाचवतो. ‘बांबूत मासा जास्त जाणवतो’ असं मात्र लोक म्हणतात ते मला पटत नाही. बारीक थरथर कार्बनमध्ये अधिक स्पष्ट कळते. बांबूत जाणवतो तो माशाचा भार, आणि तो अनुभव वेगळा आहे हे खरं.

बांबूचा विषय निघाला की एक नाव हमखास पुढे येतं: रिचर्ड वॉकर. 1952 मध्ये इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात त्यांनी 44 पौंडांचा, म्हणजे जवळपास 20 किलोचा, कार्प पकडला. काठी बांबूची, ‘मार्क फोर’, स्वतः आखलेली. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला आणि पुढे बरीच वर्षं तिथे जगला. 1980 मध्ये त्याच तळ्यात ख्रिस येट्स यांना साडेएक्कावन्न पौंडांचा कार्प लागला, आणि कार्बनचे रॉड दुकानात मिळत असतानाही त्यांच्या हातात बांबूच होता. बांबूप्रेमींना याहून जास्त पुरावा लागत नाही.

पण वॉकर जुन्याचे भक्त नव्हते, उलट त्यांच्या काळातले पक्के आधुनिक होते. मासा चावला की वाजणारा विजेवरचा इशारा त्यांनी बनवला, आणि पुढे कार्बनचे रॉड घडवण्यासाठी ज्यांनी धडपड केली त्यांत तेही होते. त्यांनी बांबू निवडला कारण तेव्हा त्याहून चांगलं काही हाताशी नव्हतं. शिवाय मार्क फोर मुळात मोठ्या कार्पसाठीची दमदार काठी. नाव ऐकून तीच फ्लोटसाठी घ्याल आणि तळहाताएवढ्या माशांवर चालवाल तर नाकापेक्षा मोती जड.

ज्यांना बांबूचा लवचिकपणा हवा पण बांबूचे लाड झेपणार नाहीत, त्यांनी जुना फायबर ग्लासचा रॉड बघावा. वजनाला कार्बनपेक्षा जड, वाकायला बांबूसारखा मऊ, आणि ओला ठेवला तरी रुसत नाही. दिसायला सुमार असल्यामुळे त्याच्यासाठी कोणी फारसं हळहळत नाही, एवढंच.

बांबूचे लाड म्हणजे काय ते ऐका. ओली काठी पिशवीत घालायची नाही. पुसून, वाळवून, टांगून ठेवायची. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की त्याच बाजूला कायमची वाकते. जोड सोडवताना पिळायचा नाही, सरळ ओढायचा. व्हार्निशला तडा गेला की वेळीच नवा हात मारायचा. हे करण्यात ज्याला सुख आहे त्याच्यासाठी काठी हाच एक छंद आहे. ज्याला नाही, त्याने फोटो बघून समाधान मानावं. कार्बनला यातलं काही लागत नाही. त्याच्या बाबतीत एकच गोष्ट कायम ध्यानात ठेवायची: कार्बन वीजवाहक आहे. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे 13 फुटी रॉड उभा धरणं जिवावर बेतू शकतं. अर्थात ओली बांबूची काठीही तिथे सुरक्षित नाहीच.

रीळ

इथे मात्र जुनं नुसतं देखणं नाही, एका कामात नव्याच्या वरचढ आहे.

सेंटरपिन म्हणजे एका आसावर फिरणारं साधं चाक. दात नाहीत, स्प्रिंग नाही, बरेचदा ब्रेकसुद्धा नाही. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅमची अशी लाकडी रिळं प्रसिद्ध होती. पुढे ती धातूची झाली. याच्या उलट, आज सगळीकडे दिसतं ते फिक्स्ड स्पूल रीळ. त्यात दोरीचं रीळ जागेवर स्थिर राहतं आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. 1905 मध्ये इंग्लंडच्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी याचं पेटंट घेतलं, आणि लांब फेकणं कोणालाही जमेल असं सोपं झालं.

वाहत्या पाण्यात फ्लोट सोडून बघा. सेंटरपिनवर अंगठा चाकाच्या कडेला जेमतेम टेकलेला असतो. प्रवाह फ्लोटला ओढतो, फ्लोट दोरीला, दोरी चाकाला. चाक फिरत राहतं आणि पाण्याचा वेग तुम्हाला बोटाखाली कळत राहतो. अंगठा किंचित दाबला की फ्लोट अडखळतो आणि खालचं आमिष त्याच्या पुढे जाऊन हलकेच वर उचललं जातं. अनेकदा मासा नेमका त्याच क्षणी घेतो. फ्लोट गेला की अंगठा पक्का दाबायचा आणि काठी उचलायची. दोरी आधीच ताणलेली असते, मध्ये काही बंद करायचं नसतं. फिक्स्ड स्पूलवर हेच करायला उघड्या रिळावरून दोरी बोटाने अडवत सोडावी लागते. जमतं, पण दोरी सैल-ताठ, सैल-ताठ होत जाते आणि फ्लोट तसाच हिसके खात पुढे सरकतो.

बाकी जवळजवळ सगळ्या बाबतींत फिक्स्ड स्पूल पुढे आहे. दहा सेंटीमीटर व्यासाच्या सेंटरपिनवर एका फेऱ्यात फार तर 31 सेंटीमीटर दोरी येते. फिक्स्ड स्पूलला आत दातेरी चाकं असल्यामुळे एका फेऱ्यात त्याच्या दुप्पट किंवा जास्तच. मासा तुमच्याच दिशेने धावून आला तर सेंटरपिनवाल्याला चाकावर तळहाताने थपडा मारत दोरी गोळा करावी लागते. लांब फेकायचं तर चाक बरोबर वेगाने फिरवत सोडायची ‘वॉलिस कास्ट’ शिकावी लागते. ती जमेपर्यंत सुरुवातीला दोरीची जी गुंतवळ होते, ती सोडवताना भल्याभल्यांचा संयम सुटतो. सेंटरपिनची आणखी एक जमेची बाजू म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. फिक्स्ड स्पूलवर तो हळूहळू साठत जातो.

तेव्हा निर्णय पाण्यावर सोडा. मध्यम ओढीची नदी असेल आणि फ्लोट काठीच्या टोकापासून फार लांब न्यायचा नसेल, तर सेंटरपिन, डोळे मिटून. तळं, वारा, लांबची फेक असेल तर फिक्स्ड स्पूल. सेंटरपिन नवीही बनतात, आणि चांगल्या बेअरिंगवर टिचकी मारली की दीर्घ वेळ फिरत राहतात. कार्बनच्या लांब रॉडवर नवी सेंटरपिन ही जोडी जुन्या वळणाच्या कट्टर मंडळींना खपत नाही. मला विचाराल तर वाहत्या पाण्यावर याहून चांगली जोडी नाही.

फ्लोट

इथे विचार करण्यासारखं फार काही नाही: दोन्ही ठेवा. साळिंदराचा काटा बाहेरून कडक, आत हलका, मुळात गुळगुळीत. टोकाला लाल रंगाचा एक हात दिला की झाला फ्लोट. दोरी त्याला वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना रबरी नळीच्या तुकड्याने बांधतात. ‘वॅगलर’ नावाचा आधुनिक फ्लोट फक्त खालच्या टोकाला बांधतात, त्यामुळे दोरी पाण्याखाली बुडवून ठेवता येते.

हा फरक वारा सुटला की कळतो. दोन्हीकडे बांधलेल्या काट्याची दोरी पृष्ठभागावर राहते, वाऱ्याने तिला पोट येतं आणि फ्लोट आडवा सरकू लागतो. वॅगलर अशा वेळी निवांत उभा असतो. उलट वारा पडलेला असेल, पाणी काठाजवळचं आणि उथळ असेल, तर काट्यासारखं बोलकं दुसरं काही नाही. गळाच्या जवळ एकच वजन लावून ते तळाला टेकवा आणि काट्याचं टोक बोटभर वर राहील अशी खोली ठेवा. तळावरचं आमिष माशाने तोंडात घेऊन डोकं वर केलं की वजन उचललं जातं. मग काटा बुडण्याऐवजी हळूच वर येतो, डुलतो आणि आडवा पडतो. पडेपर्यंत वाट बघायची नाही. वर यायला लागला की उचला.

मोरपिसाच्या दांडीचा फ्लोटही ‘जुना’ म्हणून विकला जातो, पण तो कधी जुना झालाच नाही. सरळ, हलका आणि भरपूर वजन पेलणारा असल्यामुळे स्पर्धेत उतरणारेसुद्धा तो अजून वॅगलर म्हणून वापरतात.

रंगाबद्दल एक सूचना. लाल-केशरी टोक गर्द सावलीच्या पाण्यावर उठून दिसतं, पण आभाळ उतरलेल्या चकचकीत पाण्यावर काळं टोक जास्त स्पष्ट दिसतं. एकाच काट्याला दोन रंगांचे पट्टे दिले तर भागतं.

दोरी आणि वजनं

इथे जुन्याला थारा देऊ नका. रेशमी दोरी दर वेळी वाळवावी लागे. रेशीमकिड्यापासून काढलेली गळाजवळची तात वापरण्याआधी भिजत घालावी लागे, नाहीतर तटकन तुटे. 1938 मध्ये नायलॉन जाहीर झालं आणि पुढच्या काही वर्षांत या कटकटी संपल्या. त्या परत ओढवून घेण्यात हौस कमी आणि हट्ट जास्त.

जुन्या पेटीसोबत शिशाचे छर्रे आले तर बाजूला काढा. पाणपक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनमध्ये 1987 पासून 0.06 ते 28.35 ग्रॅमच्या टप्प्यातली शिशाची वजनं विकायला बंदी आहे. त्याऐवजी वापरायचे कथिलाचे छर्रे हलके असतात. घनता शिशाची 11.3 तर कथिलाची 7.3, म्हणून त्याच वजनाचा छर्रा आकाराने मोठा येतो. तो थोडा कडकही असतो. दाबताना दोरी ओली करून घ्या, म्हणजे ती कापली जाणार नाही. कमी आकारात जास्त वजन हवं असेल तर टंगस्टन आहे, घनता 19.3.

तरीही जुनी काठी घ्यायचीच असेल तर

काठी जोडून डोळ्याजवळ धरा आणि मुठीकडून टोकाकडे बघा. थोडा बाक चालेल, पीळ चालणार नाही. मग हलके झटके देऊन कान द्या. जोडात टकटक आवाज आला तर पितळी नळी सैल झाली आहे. पट्ट्यांच्या सांध्यावरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तिथला सरस सुटला असण्याची शक्यता आहे, आणि ते दुरुस्त करणारा माणूस सहज मिळत नाही. दोरी ओवायच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडीला चीर आहे, आणि ती चीर नवी दोरी पहिल्याच मोठ्या माशाला कापेल. कडी बदलता येते, धागेही नव्याने गुंडाळता येतात. सुटलेला सरस आणि पिळलेला बांबू मात्र विकणाऱ्याकडेच राहू द्या.

रीळ बघताना चाक आसावर डुगडुगत नाही ना ते पाहा. लाकडी असेल तर फळी ओलाव्याने वाकून पाठीला घासत नाही ना, तेही पाहा. आणि रिळावर जुनी दोरी गुंडाळलेली असेल तर ती कितीही चांगली दिसो, कापून फेकून द्या.