कोलोराडो २०२३ की इंडियाना २०२४?
अमेरिकी कॉलेज फुटबॉल नुकतंच पाहू लागलेल्या भाचीला जुना एकच हंगाम बघायचाय: प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांचा कोलोराडो विद्यापीठातला पहिला, की प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींचा इंडियाना विद्यापीठातला?

दोघांनीही खचलेला संघ हाती घेतला. आदल्या वर्षी कोलोराडो १-११ (एक विजय, अकरा पराभव), इंडियाना ३-९. दोघांनी बाहेरून खेळाडू आणले. सिग्नेटींसोबत तर त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले १३ जण आले.

थरार कोलोराडोत जास्त. पहिल्याच सामन्यात आदल्या हंगामातल्या उपविजेत्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) ४५-४२ हरवलं. ट्रॅव्हिस हंटर आक्रमण आणि बचाव दोन्हीत खेळत होता, हे बघायलाच हवं! पण सातत्य नाही. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० आघाडी होती, तो सामनाही गेला. क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, राखणारी फळीच कच्ची होती. शेवट ४-८.

इंडियाना सलग १० सामने जिंकली, एकूण ११-२. हरली ती ओहायो स्टेट आणि नोत्र दामकडून, आणि पुढे राष्ट्रीय अंतिम सामना याच दोघांत झाला.

संघबांधणी समजून घ्यायची असेल तर इंडियानाचा अख्खा हंगाम बघ. वेळ कमी आणि हौस मोठी असेल, तर कोलोराडोचे पहिले तीन सामने पुरेत.